ठिणगी जिरते कुठे? छोट्या इंजिनांविषयी वाचकांचे प्रश्न

पावसाळा ओसरला की या सदराकडे येणाऱ्या पत्रांचा विषय बदलतो. जून ते सप्टेंबर या काळात वाचक गळक्या कौलांविषयी आणि ओल धरलेल्या भिंतींविषयी विचारतात. बागांमधील बेणणीची, म्हणजे गवत-झुडपे काढण्याची, घाई सुरू झाली की मांगरात, म्हणजे बागेतल्या कोठीत, चार महिने पडून राहिलेल्या यंत्रांची आठवण होते. या वेळी आलेल्या पत्रांपैकी बहुतेकांचे गाऱ्हाणे एकच आहे, ते म्हणजे दोरी ओढून खांदा दुखला तरी प्लगला करंट येत नाही. म्हणून या वेळचे सदर त्या एकाच विषयासाठी ठेवले आहे.

प्रश्न : माझ्याकडे दोन स्ट्रोकचा, ५२ सीसीचा ग्रासकटर आहे. मे महिन्यात तो उत्तम चालत होता. पावसाळाभर तो मांगरात टांगून ठेवला होता. आता कलमांखालचे गवत काढण्यासाठी बाहेर काढला, तर तो चालूच होत नाही. प्लग काढून सिलिंडरला टेकवून पाहिला, ठिणगी दिसली नाही. नवा प्लग आणला, तरी तीच स्थिती. गावातील मेस्त्री म्हणतात की कॉइल गेली आहे. नवी कॉइल घालावी का?
— एक आंबा बागायतदार, देवगड

उत्तर : लगेच घालू नये. मेस्त्रींचे निदान चुकलेच असेल असे मी म्हणत नाही, परंतु कॉइल ही तपासणीतील शेवटची पायरी आहे आणि आपण तिच्यापासून सुरुवात करीत आहात.

या यंत्राला बॅटरी नसते. दोरी ओढली की फिरणाऱ्या जड चाकाच्या, म्हणजे फ्लायव्हीलच्या, कडेला बसवलेला लोहचुंबक दर फेरीला कॉइलच्या लोखंडी पायांसमोरून जातो आणि त्या क्षणी कॉइलमधील जाड तारेच्या थोड्या वेढ्यांत करंट उत्पन्न होतो. आतील इलेक्ट्रॉनिक भाग तो करंट ऐन वेळी एकाएकी तोडतो, आणि तो तुटताच बारीक तारेच्या हजारो वेढ्यांत दहा हजार किंवा त्याहूनही अधिक व्होल्टचा दाब तयार होऊन प्लगच्या टोकावर ठिणगी उडते. मायकेल फॅरडे यांनी १८३१ मध्ये दाखवून दिलेल्या तत्त्वावर हे सारे चालते, आणि बॉश यांच्या कारखान्यातील गॉटलोब होनोल्ड यांनी १९०२ च्या सुमारास उच्च दाबाचा मॅग्नेटो सिद्ध केला तेव्हापासून त्याची मूळ रचना फारशी बदललेली नाही. सांगायचा मुद्दा असा की, चुंबक फिरत आहे तोवर करंट तयार होण्याची सोय बहुधा शाबूत असते; कोकणातल्या हवेत तो पुष्कळदा भलत्या वाटेने इंजिनाच्या बॉडीत जिरतो, आणि ती वाट शोधणे हेच आपले काम आहे.

सर्वांत सोपी भलती वाट म्हणजे बंद करण्याचे बटण. घरातील दिव्याचे बटण दाबले की वाट जुळते आणि दिवा लागतो. ग्रासकटरच्या मुठीवरील बटणाचे काम याच्या उलट असते. ते बंद स्थितीत नेले की कॉइलपासून आलेली बारीक वायर बॉडीला जोडली जाते, करंट तिथेच जिरतो आणि ठिणगी थांबते. म्हणून ही वायर तुटल्यामुळे इंजिन बंद पडले, असे जे अनेक जण सांगतात, ते शक्य नाही. वायर तुटली तर इंजिन उलट बंदच होणार नाही. ठिणगी मरते ती त्या वायरचे आवरण कुठेतरी सोलून ती धातूला टेकल्यामुळे, किंवा बटणाच्या आत ओल आणि गंज साचून दोन्ही पत्रे कायमचे जुळल्यामुळे. खाऱ्या हवेत चार महिने टांगलेल्या बटणाचे असे होणे अगदी स्वाभाविक आहे.

तेव्हा पहिली तपासणी अशी करावी. पाते काढून ठेवावे. इंजिनावरील कव्हर उघडून कॉइलपाशी आलेली बटणाची वायर शोधावी आणि ती कॉइलजवळच सोडवावी. मुठीपाशी सोडवून उपयोग नाही, कारण दोष मधल्या चार-पाच फुटांत असला तर तो तसाच राहील. वायर सोडवून मोकळे टोक चिकटपट्टीने गुंडाळावे, प्लग त्याच्या कॅपमध्ये बसवून त्याचा धातूचा भाग सिलिंडरच्या स्वच्छ, रंग नसलेल्या जागी टेकवावा आणि दोरी जोराने ओढावी. प्लग हाताने धरू नये. लाकडी मुठीचा चिमटा किंवा रबरी आवरणाची पक्कड वापरावी. प्लगचे भोक फडक्याने झाकावे आणि प्लग त्यापासून दूर धरावा, कारण त्या भोकातून पेट्रोलची वाफ बाहेर येते आणि ठिणगी पाहण्याच्या नादात भडका उडू शकतो. दोरी हळू ओढली तर चांगल्या कॉइललाही पुरेसा वेग मिळत नाही, म्हणून झटका दमदार हवा. कॅप मोकळी ठेवून, म्हणजे प्लग न जोडता, दोरी वारंवार ओढू नये. वाट न मिळालेला उच्च दाब कॉइलच्या आतील आवरण फोडू शकतो.

एवढ्याने ठिणगी आली तर दोष कॉइलचा नाही, बटणाचा किंवा त्याच्या वायरचा आहे, आणि तो थोडक्या खर्चात दुरुस्त होतो. मात्र वायर सोडवलेल्या स्थितीत इंजिन चालू केले तर ते बटणाने बंद होणार नाही हे ध्यानात ठेवावे. अशा वेळी चोक पूर्ण ओढला की ते बंद पडते.

माझ्या स्वतःच्या ग्रासकटरचा किस्सा येथे सांगण्याजोगा आहे. ठिणगी गेली म्हणून मी एका दुकानातून नवी कॉइल आणली, ती बसवली, आणि तिनेही ठिणगी दिली नाही. दुकानदाराने मला खराब वस्तू दिली असे मी दोन दिवस सर्वांना सांगत फिरलो. नंतर पाहिले तर मूठ दांडीला आवळणाऱ्या पट्टीखाली वायर चेपली गेली होती आणि सोललेल्या तांब्यावर हिरवा कीट चढला होता. जुनी कॉइल आजही मांगरातील खिळ्याला टांगलेली आहे आणि ती पूर्ण चांगली आहे.

वायर सोडवूनही ठिणगी नसेल तर प्लगच्या कॅपकडे वळावे. रबरी कॅपच्या आत एक लहान स्प्रिंग असते आणि तिचे टोक जाड वायरच्या गाभ्यात टोचलेले असते. ते टोक गंजले किंवा बाजूला सरकले तर ठिणगीची वाट तेथेच तुटते. कॅप काढून टोक पाहावे, वायरचा अर्धा सेंटीमीटर भाग कापून ताजा गाभा उघडा करावा आणि स्प्रिंग पुन्हा बरोबर मध्यभागी टोचावी. जाड वायरलाही बारकाईने न्याहाळावे. मांगरात ठेवलेल्या यंत्राच्या वायरीवर उंदरांचे दात उमटलेले असणे ही आपल्याकडे नवलाची गोष्ट नव्हे. आवरणाला चीर असेल तर ठिणगी प्लगपर्यंत न जाता तिथूनच बॉडीवर उडी मारते. त्यासाठी अमावस्येची वाट पाहायला नको. संध्याकाळी पडवीतला दिवा बंद करून दोरी ओढली तर निळसर धागा कुठून निघतो ते स्पष्ट दिसते.

त्यानंतर कॉइलचे स्क्रू. कॉइलला बॉडीची जोड मिळते ती याच स्क्रूंमधून, आणि त्यांच्याखाली गंज चढला की ती तुटते. स्क्रू काढून टेकण्याची जागा पॉलिश पेपरने चकचकीत करावी. कॉइलच्या लोखंडी पायांवर आणि फ्लायव्हीलवरील चुंबकाच्या तोंडावर जमलेला तांबूस थरही त्याच पेपरने हलका घासून काढावा. कॉइलखाली प्लास्टिकची चकती किंवा ठोकळा असेल तर तो टाकून देऊ नये, तो मुद्दाम ठेवलेला असतो. परत बसवताना चुंबक आणि कॉइलचे पाय यांच्यामध्ये सुमारे ०.३ मि.मी. अंतर हवे. फिलर गेज, म्हणजे फट मोजायची पातळ पट्टी, नसेल तर साधे व्हिजिटिंग कार्ड मध्ये सरकवावे, चुंबक कॉइलसमोर आणावा, तो कॉइलला कार्डासकट ओढून धरील, तशाच स्थितीत स्क्रू आवळावेत आणि कार्ड ओढून काढावे. लग्नपत्रिकेचे कार्ड घेऊ नये. त्या हल्ली फारच जाड निघतात, आणि अंतर वाढले की दोरीच्या वेगाला ठिणगी पडत नाही.

इतके सारे करूनही प्लग कोराच राहिला, तर मल्टिमीटरने जाड वायरचे टोक आणि कॉइलचा लोखंडी पाय यांमधील रोध मोजावा. तो काही हजार ओहम असावा; मीटर काहीच दाखवत नसेल तर आतील बारीक तार तुटली आहे आणि मेस्त्री बरोबर होते. रोध योग्य आला म्हणजे कॉइल चांगली आहे, असा मात्र उलट निष्कर्ष काढू नये, कारण आतील इलेक्ट्रॉनिक भागाचा दोष साध्या मीटरला कळत नाही. बाकी सर्व वाटा तपासून झाल्या असतील तरच, आणि तेव्हा निःशंकपणे, नवी कॉइल घ्यावी.

नव्या प्लगविषयी एक शब्द. तो नवा आहे म्हणून चांगलाच असेल, असे धरून चालू नये. पडलेल्या प्लगची चिनीमाती आतून तडकलेली असते आणि ती दिसत नाही. शेजाऱ्याच्या चालू यंत्रातील प्लग काढून पाहणे हीच खरी खात्री. टोकांमधील अंतर या प्रकारच्या यंत्रांत साधारण ०.६ ते ०.७ मि.मी. असते. ओला, काळा प्लग चुलीच्या निखाऱ्यावर लाल करण्याची पद्धत आपल्याकडे आहे, ती टाळावी. पेट्रोल पुसून उन्हात वाळवला तरी पुरते.

प्रश्न : आमच्या पोफळीच्या बागेला पऱ्याचे, म्हणजे ओढ्याचे, पाणी देण्यासाठी चार स्ट्रोकचा पेट्रोल पंप घेतला आहे. अंगणात तो पहिल्या झटक्यात चालू होतो. पऱ्याच्या काठावर नेला की ठिणगीच येत नाही. परत अंगणात आणला की पुन्हा चालू. घरातील मंडळी यात काही बाहेरचे असल्याचे म्हणू लागली आहेत.
— एक वाचक, श्रीवर्धन तालुका

उत्तर : आलेल्या सर्व पत्रांत हे मला सर्वाधिक आवडले, कारण दोष शोधण्यासाठी लागणारी सर्व माहिती आपण स्वतःच दिलेली आहे. अंगण सपाट आहे आणि पऱ्याचा काठ उतरता आहे.

चार स्ट्रोकच्या अनेक पंपांत ऑइल कमी झाल्यास इंजिन वाचावे म्हणून तळाशी एक तरंगणारा स्विच बसवलेला असतो. ऑइलची पातळी खाली गेली की तो स्विच कॉइलची वायर बॉडीला जोडतो, म्हणजे बंद करण्याच्या बटणाचेच काम तो स्वतःहून करतो. इंजिन कलते ठेवले की ऑइल एका बाजूला जाते आणि ऑइल कमी झाल्याचा समज होऊन स्विच ठिणगी तोडतो. ऑइल पुरेपूर असेल तर थोडा कल त्याला चालतो. आपल्या पंपात ते कमी असावे आणि अंगणात ते जेमतेम पुरत असावे. १६३ सीसीच्या प्रचलित इंजिनात साधारण ०.६ लिटर ऑइल लागते. पंप सपाट जागी ठेवावा, ऑइलची कांडी पुसून आटे न फिरवता नुसती आत टेकवून पातळी पाहावी, आणि ऑइल भोकाच्या काठापर्यंत भरावे. पऱ्यावर जांभ्याचे दोन-तीन चिरे रचून पंपासाठी सपाट बैठक केलीत तर त्रास कायमचा मिटेल, आणि पंपाचे आयुष्यही वाढेल.

बैठक सपाट आणि ऑइल पूर्ण असूनही ठिणगी येत नसेल तर तो स्विच बिघडला असू शकतो. खात्रीसाठी त्याची वायर तेवढ्यापुरती सोडवून पाहावी. काही मेस्त्री ती कायमची कापून टाकण्याचा सल्ला देतात. तो मानू नये. वायर कापलेला पंप ऑइल संपले तरी चालतच राहतो आणि ते कळते तेव्हा पिस्टन अडकलेला असतो.

प्रश्न : फवारणीचे पाठीवरचे पेट्रोल यंत्र वीस मिनिटे छान चालते आणि मग बंद पडते. अर्ध्या तासाने पुन्हा चालू होते. कार्बोरेटर दोनदा साफ करून घेतला. हा दोष ठिणगीचा की पेट्रोलचा, हे कसे ओळखावे?
— एक काजू बागायतदार, संगमेश्वर

उत्तर : बंद पडते त्याच मिनिटाला ओळखावे, नंतर नव्हे. अशा यंत्रांच्या बाबतीत गोंधळ होतो तो यामुळेच की ते गॅरेजमध्ये पोचेपर्यंत निवलेले असते आणि तिथे ते बिनतक्रार चालते.

फवारणीला जाताना प्लगचा पाना, पक्कड आणि एक जादा प्लग खिशात ठेवावा. यंत्र थांबले की प्रथम टाकीचे झाकण उघडावे. हवा आत शिरल्याचा फुस्स असा आवाज आला आणि थोड्या वेळात यंत्र चालू झाले, तर झाकणातील हवेचे भोक बुजले आहे. पेट्रोल खाली उतरताना टाकीत पोकळी तयार होते आणि प्रवाह थांबतो. असे नसेल तर पाठीवरचे ओझे उतरवून, यंत्र गरम असतानाच, जादा प्लग कॅपमध्ये लावून ठिणगी पाहावी. जुना प्लग जागेवरच राहू द्यावा, म्हणजे भोकातून वाफ येणार नाही आणि तापलेल्या प्लगला हातही लागणार नाही. टाकीचे झाकण त्याआधी घट्ट लावलेले असावे.

गरम असताना ठिणगी नाही आणि निवल्यावर आहे, असे दोन-तीनदा दिसले तर आपल्याला उत्तर मिळाले. कॉइल तापली की आतील तांबे आणि भोवतालचा राळेचा ठोकळा सारख्या प्रमाणात प्रसरण पावत नाहीत; तार कुठे तडकलेली असेल तर तापल्यावर ती दुरावते, निवल्यावर पुन्हा टेकते. आतील इलेक्ट्रॉनिक भागही उष्णतेने असाच तात्पुरता निकामी होतो. यावर दुरुस्ती नाही. पहिल्या उत्तरात मी ज्या कॉइलच्या खरेदीला विरोध केला ती कॉइल आपण मात्र जरूर घ्यावी, आणि बसवण्यापूर्वी सिलिंडरच्या पंखांमध्ये साचलेली धूळ, तेल आणि गवताचे तुकडे साफ करावेत, नाहीतर नवी कॉइलही तशीच तापेल.

सोबतचा दुसरा प्रश्न ठिणगीच्या रंगाचा होता. निळी, कटकट आवाज करणारी ठिणगी चांगली आणि पिवळसर, दिसेल न दिसेल अशी ठिणगी अशक्त, हे ढोबळमानाने खरे आहे. पण भर उन्हात रंगाचा भरवसा नसतो, शिवाय मोकळ्या हवेत उडणारी ठिणगी सिलिंडरमधील दाबलेल्या हवेत उडेलच असे नाही, कारण तेथे तिला कितीतरी अधिक व्होल्ट लागतात. जुन्या मेस्त्र्यांची एक युक्ती चांगली आहे. टाकाऊ प्लगची बाहेरची वाकडी कांडी करवतीने कापावी. मग ठिणगीला मधल्या टोकापासून कडेपर्यंत मोठी उडी मारावी लागते. त्या प्लगवर जी कॉइल ठिणगी पाडते ती इंजिनातही पाडते.

प्रश्न : पॉवर टिलरला प्लग सापडत नाही. ठिणगी कुठे पाहावी?
— एक वाचक, माणगाव

उत्तर : आपला टिलर डिझेलचा असावा. डिझेल इंजिनाला ठिणगी लागतच नाही. हवा इतकी दाबली जाते की तिच्या उष्णतेनेच फवारलेले डिझेल पेट घेते. टाकी मध्यंतरी पूर्ण रिकामी झाली होती का ते आठवावे आणि नळीत अडकलेली हवा काढून पाहावी.

प्रश्न : आमच्या आजोबांच्या काळातले, पेट्रोलवर चालू करून रॉकेलवर चालवायचे इंजिन घरात आहे. वीस वर्षे ते बंद आहे. त्याला इलेक्ट्रॉनिक कॉइल नाही, आत काही पॉईंट आहेत असे वडील म्हणत. केवळ हौस म्हणून ते चालू करावयाचे आहे. ठिणगी मुळीच नाही.
— एक निवृत्त शिक्षक, राजापूर

उत्तर : हौस उत्तम आहे आणि ती बहुधा फळेल, कारण या जुन्या रचनेतील सर्व भाग डोळ्यांना दिसणारे आहेत. नव्या कॉइलमधील इलेक्ट्रॉनिक भाग जे काम करतो ते यात दोन लहान धातूची टोके करतात. मुख्य दांड्यावरील उंचवटा त्यांना दर फेरीला उघडतो, करंट तुटतो आणि ठिणगी पडते. मेस्त्री यांनाच प्लॅटिनम म्हणतात, जरी ती बहुतेक वेळा टंगस्टनची असतात.

वीस पावसाळ्यांत या टोकांवर राखाडी थर चढला असणार, आणि तो करंटला पूर्ण अडवतो. फ्लायव्हीलच्या खिडकीतून किंवा फ्लायव्हील काढून ही टोके उघडी करावीत, बारीक पॉलिश पेपरची पट्टी त्यांच्यामध्ये धरून दोन-चार वेळा ओढावी, आणि मग पेट्रोलमध्ये भिजवलेला कोरा कागद त्याच पद्धतीने ओढून उरलेली भुकटी काढावी. हा दुसरा टप्पा लोक गाळतात. पॉलिश पेपरचे कण मागे राहिले तर पहिल्याइतकाच अडथळा होतो. टोके पूर्ण उघडलेली असताना अंतर ०.३५ ते ०.४ मि.मी. च्या आसपास ठेवावे. फ्लायव्हील काढायचे झाले तर त्याचा पुलर वापरावा. हातोडीने ठोकून ते निघते खरे, पण दांडा वाकतो आणि चुंबकही क्षीण होऊ शकतो. काढल्यावर दांड्याच्या खाचेतील लहान चावी जपून ठेवावी, कारण ती दबली किंवा तुटली तर ठिणगी पडेल, पण चुकीच्या वेळी पडेल आणि दोरी हाताला उलटा हिसका देईल.

टोके स्वच्छ करूनही ठिणगी अशक्त असेल आणि टोकांवरच ठळक ठिणग्या उडताना दिसत असतील तर त्यांच्याजवळ बसवलेला कंडेन्सर, म्हणजे विजेचा भार क्षणभर साठवणारा लहान डबा, निकामी झाला आहे. तो पूर्ण शॉर्ट झाला असेल तर ठिणगी अजिबात नसते; अशा वेळी त्याची वायर सोडवून पाहावी, थोडीशी तरी ठिणगी आली तर गुन्हेगार सापडला. नेमका तोच भाग न मिळाल्यास ०.२ ते ०.२५ मायक्रोफॅरडचा, जुन्या स्कूटरचा कंडेन्सर बहुधा चालून जातो, मात्र तो बॉडीला घट्ट जोडलेला हवा.

प्रश्न : आमच्या लहान होडीला दोन सिलिंडरचे पेट्रोल आउटबोर्ड इंजिन आहे. पावसाळी मासेमारी बंदीच्या काळात ते वर काढून ठेवले होते. आता ठिणगी नाही. काय पाहावे?
— एक मच्छीमार, हर्णै

उत्तर : १ जून ते ३१ जुलै असे ६१ दिवस इंजिन किनाऱ्यावरच्या खाऱ्या वाऱ्यात पडून होते, तेव्हा संशयाचा मोठा वाटा गंजाकडे जातो. पण त्याआधी लाल दोरी पाहावी. चालवणारा पाण्यात पडला तर इंजिन थांबावे म्हणून मनगटाला बांधायची जी दोरी असते, तिची क्लिप स्विचखाली बसलेली नसेल तर ठिणगी येत नाही. आगोटीला, म्हणजे पावसाच्या तोंडावर, सामान आवरताना ही क्लिप काढून कुठेतरी ठेवली जाते आणि नारळी पौर्णिमेला ती कोणाच्या लक्षात नसते. हसण्यासारखी गोष्ट आहे, पण या कारणासाठी इंजिन टेम्पोत घालून दापोलीला नेलेले मी पाहिले आहे.

क्लिप जागेवर असेल तर दोन्ही सिलिंडरचे प्लग वेगवेगळे तपासावेत, कारण आपल्या इंजिनाला दोन सिलिंडर असणे ही तपासणीत मोठी सोय आहे. एकाला ठिणगी आहे आणि दुसऱ्याला नाही, असे असेल तर दोन्हींना सामाईक असलेले भाग बहुधा ठीक आहेत. मग चालू बाजूचा प्लग बंद बाजूला, आणि जोड एकसारखे असतील तर कॉइलही, अशी अदलाबदल करावी. दोष ज्या भागाबरोबर सरकेल तो भाग बदलावा. दोन्हींना ठिणगी नसेल तर दोन कॉइल एकाच पावसाळ्यात गेल्या असे मानण्यापेक्षा सामाईक भागावर संशय घेणे शहाणपणाचे. त्यात पहिला बंद करण्याचा स्विच आणि त्याची वायर. ती इलेक्ट्रॉनिक डब्याजवळ, म्हणजे ठिणगीची वेळ साधणाऱ्या बंद डब्याजवळ, सोडवून पाहावी. दुसरा बॉडीला जोडलेल्या काळ्या वायरींचा स्क्रू. तिसरे वायरींचे जोड. एकेक जोड उघडून आतील पिनांवर हिरवा किंवा पांढरा थर आहे का पाहावे, असल्यास कॉन्टॅक्ट क्लीनरने धुवून वाळवावे. समुद्राचे पाणी आत गेलेले असेल तर क्लीनरच्या आधी गोड्या पाण्याने धुणे आवश्यक आहे, कारण मीठ क्लीनरमध्ये विरघळत नाही. वाळलेल्या जोडावर न्यूट्रल ग्रीसचा पातळ थर द्यावा.

हे काम करताना दोरी कोणी ओढत असेल तर इलेक्ट्रॉनिक डब्याच्या जोडांना हात लावू नये. त्या डब्यातील कंडेन्सरमध्ये दोन-तीनशे व्होल्ट साठतात आणि ओल्या हातांना तो धक्का चांगलाच जाणवतो. डबा आणि फ्लायव्हीलखालच्या कॉइली यांची मापे प्रत्येक इंजिनाची वेगळी असतात, म्हणून येथपर्यंत येऊनही ठिणगी मिळाली नाही तर इंजिनाचा मॉडेल क्रमांक, दोन्ही प्लगांचे निरीक्षण आणि सोडवून पाहिलेल्या वायरींचे रंग लिहून पत्र पाठवावे. पुढील अंकात उत्तर देता येईल.